ऋणको, धनको आणि लॉर्ड केन्स

देशाच्या आयात-निर्यातीचे आकडे प्रसिद्ध झाले आणि त्यांत तूट वाढलेली दिसली की सर्वत्र चिंतेचा सूर उमटतो. परकीयांनी सरकारी कर्जरोख्यांत किती रक्कम गुंतविली आहे हे आकडे बाहेर आले म्हणजे दुसरी एक चिंता व्यक्त होते. या दोन चिंतांचा परस्परांशी संबंध काय, हा प्रश्न मात्र क्वचितच विचारला जातो. वर्गात व्यवहारतोलाचे प्रकरण शिकविताना प्रस्तुत लेखकाचा नेहमीचा अनुभव असा की, विद्यार्थी व्याख्या बिनचूक पाठ करतात. पण जमा आणि नावे या एकाच व्यवहाराच्या दोन बाजू आहेत, ही गोष्ट त्यांच्या मनावर ठसत नाही. ती ठसविण्यास व्याख्येपेक्षा एका माणसाचे चरित्र अधिक उपयोगी पडते. ते चरित्र जॉन मेनार्ड केन्स यांचे होय.

मूळ तत्त्व साधे आहे. एखादे राष्ट्र जगाला जेवढे विकते त्याहून अधिक विकत घेते, तेव्हा उरलेल्या रकमेपोटी त्याला काहीतरी द्यावेच लागते. साठविलेले सोने द्यावे, परदेशांतील मालमत्ता विकावी, स्वदेशातील कारखान्यांचे भाग परकीयांच्या हाती सोपवावे, किंवा पुढे पैसे देण्याचे वचन लिहून द्यावे. सरकारी कर्जरोखा हे असेच एक वचन. तूट म्हणजे रोखेच, असे समीकरण मांडणे चुकीचे ठरेल. परंतु तुटीपोटी परकीयांच्या हाती कोणता ना कोणता हक्क जातो, यात शंका नाही. त्या हक्काचे पुढे काय होते आणि त्याची किंमत कोण मोजतो, या प्रश्नाशी केन्स यांचे आयुष्य चार दशके बांधलेले होते.

इंडिया ऑफिसातील पहिला धडा

केन्स यांचा जन्म ५ जून १८८३ रोजी केंब्रिजमध्ये झाला. वडील जॉन नेव्हिल केन्स हे तर्कशास्त्राचे व अर्थशास्त्राचे अध्यापक. आई फ्लॉरेन्स या समाजकार्यात अग्रेसर असून पुढे त्या शहराच्या महापौर झाल्या. ईटन व किंग्ज कॉलेज येथे केन्स यांनी अभ्यास केला तो मुख्यतः गणिताचा. १९०६ साली मुलकी सेवेच्या परीक्षेत त्यांचा दुसरा क्रमांक आला. ब्रिटिश अर्थखात्यातील जागा पहिल्या क्रमांकाच्या उमेदवाराकडे गेली आणि केन्स यांची नेमणूक लंडनच्या इंडिया ऑफिसात झाली. तेथे त्यांच्याकडे आलेल्या पहिल्या कामांपैकी एक होते, दहा आयर्शायर वळू जहाजाने मुंबईस रवाना करण्याचे. अशा कामांत त्यांचे मन रमणे शक्यच नव्हते. दोन वर्षांच्या आत नोकरी सोडून ते केंब्रिजला परतले. हिंदुस्थानात त्यांनी कधीही पाऊल ठेवले नाही. पण हिंदुस्थानच्या चलनाचा अभ्यास त्यांनी सोडला नाही. त्यांचा पहिला ग्रंथ १९१३ साली प्रसिद्ध झाला तो याच विषयावर, आणि त्याच वर्षी हिंदी चलनाविषयीच्या शाही आयोगाचे सदस्यत्वही त्यांना मिळाले.

त्या काळच्या हिंदुस्थानची स्थिती वरवर पाहता चमत्कारिक होती. दरवर्षी देशाची निर्यात आयातीहून अधिक असे, आणि तरीही देश ऋणकोच राहत असे. याचे कारण असे की, केवळ मालाच्या व्यापारावरून राष्ट्राची ऐपत ठरत नाही. लंडनमध्ये उभारलेल्या कर्जांवरील व्याज, निवृत्त अधिकाऱ्यांची वेतने आणि इंडिया ऑफिसचा खर्च या साऱ्यांचा भार हिंदुस्थानच्या तिजोरीवर होता. ज्या विलायती व्यापाऱ्याला येथून कापूस किंवा ताग घ्यावयाचा असे, तो लंडनमध्ये भारतमंत्र्यांकडे पौंड भरून त्यांची हुंडी घेई. ती हुंडी कलकत्त्यास किंवा मुंबईस वटवून रुपये मिळत. शेतकऱ्याच्या हाती रुपये पडत. त्याच्या मालाने मिळविलेले पौंड मात्र लंडनमध्येच राहत. दादाभाई नौरोजी यांनी ज्या आर्थिक निःसारणाविरुद्ध आयुष्य वेचले, त्याची यंत्रणा ही होती. तरुण केन्स यांना त्या यंत्रणेतील कौशल्य दिसले. तिच्यामागील अन्याय त्यांना तितकासा बोचला नाही.

केन्स यांनी पुरस्कारिलेल्या सुवर्णविनिमय परिमाणावर पुढे १९२३ साली कठोर टीका केली ती डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांनी, रुपयाच्या प्रश्नावरील आपल्या ग्रंथात. रुपयाचा पौंडाशी असलेला भाव स्थिर ठेवला म्हणजे रुपयाची देशांतर्गत खरेदीशक्ती स्थिर राहते असे नव्हे. चलन काढण्यावर कडक बंधन नसेल तर राज्यकर्ते ते वाटेल तसे वाढवतील, हा त्या टीकेचा मथितार्थ होता. ही गोष्ट वाचकांनी लक्षात ठेवावी; वीस वर्षांनी तिचा प्रत्यय येणार होता.

व्हर्सायचा हिशेब

पहिले महायुद्ध सुरू झाल्यावर जानेवारी १९१५ मध्ये केन्स अर्थखात्यात दाखल झाले आणि लवकरच ब्रिटनच्या परकीय देण्याघेण्याची सूत्रे त्यांच्या हाती आली. तोपर्यंत ब्रिटन हा जगाचा सावकार होता. युद्धसामग्री व धान्य अमेरिकेकडून आणावे लागले, तेव्हा प्रथम सोने गेले, मग ब्रिटिश नागरिकांचे अमेरिकेतील भाग व रोखे विकले गेले, आणि अखेर अमेरिकी सरकारकडे हात पसरावे लागले. युद्ध संपले तेव्हा ब्रिटन अमेरिकेचे सव्वाचार अब्ज डॉलरांच्या घरात देणे लागत होता. पिढ्यानपिढ्यांचा धनको चार वर्षांत ऋणको कसा होतो, हे केन्स यांनी टेबलामागे बसून पाहिले.

१९१९ च्या पॅरिस परिषदेस ते अर्थखात्याचे प्रमुख प्रतिनिधी म्हणून गेले. जर्मनीवर लादावयाच्या खंडणीचे आकडे ऐकून त्यांनी जूनमध्ये राजीनामा दिला आणि वर्षअखेर तहाच्या आर्थिक परिणामांवरील आपले पुस्तक प्रसिद्ध करून जगभर खळबळ उडविली. जर्मनीकडून सुमारे दोन अब्ज पौंडांपलीकडे मागू नये आणि दोस्त राष्ट्रांनी आपापसांतील युद्धकर्जेही सोडून द्यावीत, असा त्यांचा आग्रह होता. त्यामागे केवळ दया नव्हती, हिशेब होता. जर्मन सरकार आपल्या प्रजेवर कर बसवून मार्क गोळा करू शकेल. परंतु विजेत्यांना हवे होते पौंड, फ्रँक आणि डॉलर. ते जर्मनीला मिळणार कसे? परदेशांत आयातीहून अधिक माल विकून. आणि तो माल घेणार कोण? ज्यांना खंडणी हवी होती त्यांनाच जर्मन मालाची स्पर्धा नको होती. कर्ज वसूल करावयाचे, पण कर्जदाराचा माल मात्र दारात येऊ द्यायचा नाही, या दोन्ही गोष्टी एकत्र नांदू शकत नाहीत, हे केन्स यांचे सांगणे होते.

१९२१ साली खंडणीचा आकडा १३२ अब्ज सुवर्णमार्क ठरला. १९२४ च्या डॉज योजनेनंतर अमेरिकी गुंतवणूकदारांनी जर्मन रोखे उत्साहाने खरेदी केले. त्या पैशातून जर्मनीने ब्रिटन व फ्रान्स यांचे हप्ते भरले आणि ब्रिटन व फ्रान्स यांनी अमेरिकेचे. पैसा वर्तुळात फिरत होता आणि प्रत्येक फेरीत जर्मनीचे परदेशी कर्ज वाढत होते. जर्मनीच्या व्यापारात शिल्लक पडतच नव्हती. तिची जागा नवे कर्जरोखे भरून काढीत होते. अमेरिकेने १९२२ व १९३० साली आपल्या जकाती वाढवून परकीय मालाला दार अधिकच बंद केले. १९२९ नंतर अमेरिकी पैसा आटला, १९३१ मध्ये हप्त्यांना वर्षाची स्थगिती मिळाली आणि १९३२ च्या लोझान परिषदेत खंडणी जवळजवळ संपुष्टात आली. बेकारीने गांजलेला जर्मनी तोवर हिटलरच्या उंबरठ्यावर येऊन ठेपला होता. या अनर्थाचे एकच कारण सांगणे अयोग्य होईल. पण केन्स यांचा हिशेब खरा ठरला, एवढे निश्चित.

मधल्या काळात केन्स यांचे जीवन बहुरंगी होते. लिडिया लोपोकोव्हा या रशियन नर्तिकेशी १९२५ साली त्यांनी विवाह केला. चित्रकार व साहित्यिक यांच्या मैत्रीत ते रमले, शेअरबाजारात त्यांनी पैसा मिळविला, गमावला व पुन्हा मिळविला. ब्रिटनने १९२५ साली पौंड जुन्याच दराने सोन्याशी बांधला, त्याला त्यांनी कडाडून विरोध केला. सहा वर्षांनी तो निर्णय मागे घ्यावा लागला. बेकारी व मागणी यांच्याविषयी १९३६ साली प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या महाग्रंथाने अर्थशास्त्राची दिशाच बदलली. पुढल्याच वर्षी त्यांना हृदयविकाराने गाठले. उरलेली नऊ वर्षे त्यांनी त्या दुखण्यासह काढली.

हिंदुस्थान धनको झाला

१९४० साली ते अर्थखात्यात विनावेतन परतले. युद्धाचा खर्च चलनवाढीतून काढू नये, कारण तिचा बोजा गरिबांवर पडतो. त्याऐवजी उत्पन्नाचा काही भाग सक्तीने बचत म्हणून घ्यावा व युद्धानंतर परत करावा, अशी योजना त्यांनी ब्रिटिश जनतेपुढे मांडली. ब्रिटनपुरते हे धोरण बऱ्याच अंशी पाळले गेले. हिंदुस्थानात नेमके उलट घडले.

सरहद्दीबाहेर लढणाऱ्या हिंदी सैन्याचा आणि येथून उचललेल्या मालाचा बराचसा खर्च ब्रिटनने देण्याचे मान्य केले होते. परंतु त्यापोटी येथे माल येत नव्हता, सोनेही येत नव्हते. लंडनमध्ये रिझर्व्ह बँकेच्या खात्यावर पौंड जमा होत आणि ते अत्यल्प व्याजाच्या ब्रिटिश सरकारी रोख्यांत गुंतविले जात. हे रोखे तारण धरून बँक येथे नोटा छापी, कारण तसे करण्याची मुभा कायद्यानेच दिली होती. ब्रिटनची हिंदुस्थानाशी असलेली तूट अशा रीतीने हिंदुस्थानच्या मालकीच्या ब्रिटिश सरकारी कर्जात रूपांतरित झाली. १९३९ साली साठ-सत्तर कोटी रुपयांच्या आसपास असलेली ही स्टर्लिंग शिल्लक १९४६ च्या सुमारास सतराशे कोटी रुपयांवर, म्हणजे सुमारे एक अब्ज तीस कोटी पौंडांवर पोहोचली. शिवाय हिंदुस्थानचे लंडनमधील जुने सरकारी कर्जही या काळात बहुतांशी फेडले गेले.

कागदोपत्री हा मोठाच भाग्योदय होता. पण त्याची किंमत कोणी दिली? चलनातील नोटा सहापटीच्या आसपास वाढल्या आणि घाऊक किमती दुपटीहून अधिक झाल्या. ज्याचे उत्पन्न भावाबरोबर वाढत नव्हते, तो शेतमजूर, कोळी, कारागीर आणि ठरावीक पगाराचा कारकून यांच्या ताटातील घास काढून हे कर्ज दिले गेले. १९४३ च्या बंगालच्या दुष्काळात लक्षावधी माणसे मेली. त्या दुष्काळाला इतरही कारणे होती, पण युद्धखर्चाने भडकलेली महागाई हे त्यांतील एक प्रमुख कारण होते. डॉ. आंबेडकरांनी १९२३ साली व्यक्त केलेली भीती खरी ठरली. चलनवाढ गरिबांना लुटते हे ब्रिटनमध्ये पटवून देणाऱ्या केन्स यांनी हिंदुस्थानातील चलनवाढीविरुद्ध तशी मोहीम उभारली नाही. त्यांच्या थोरवीबरोबरच हीही नोंद करावयास हवी.

ब्रेटन वुड्सची परिषद

याच वर्षांत केन्स यांच्या मनात जगाच्या व्यापाराची नवी घडी आकार घेत होती. राष्ट्रांची एक समाशोधन संस्था असावी, तिचे बँकॉर नावाचे हिशेबी चलन असावे आणि सर्व राष्ट्रांची देणीघेणी तिच्या वहीत वळती व्हावीत, अशी त्यांची योजना १९४३ साली प्रसिद्ध झाली. तिचे वैशिष्ट्य असे की, ठरलेल्या मर्यादेपलीकडे ज्याचे देणे वाढेल त्याने जसा आकार भरावयाचा, तसाच ज्याचे येणे वाढेल त्यानेही भरावयाचा. सतत विकत राहणारे आणि विकत घेण्यास नकार देणारे राष्ट्रही जगाच्या असमतोलास तितकेच जबाबदार आहे, हा विचार त्यामागे होता.

जुलै १९४४ मध्ये अमेरिकेतील ब्रेटन वुड्स येथे ४४ राष्ट्रे जमली. जगाची सर्वांत मोठी धनको असलेल्या अमेरिकेने धनकोवर आकार बसविणारी योजना स्वीकारली नाही. जी नाणेनिधी स्थापन झाली, तिच्यात आवर घालण्याचा भार मुख्यतः ऋणकोवरच राहिला. या परिषदेस हिंदी शिष्टमंडळात महाडजवळच्या नाते गावी जन्मलेले आणि रिझर्व्ह बँकेचे पहिले हिंदी गव्हर्नर चिंतामणराव देशमुख होते. षण्मुखम चेट्टी व ए. डी. श्रॉफ होते. हिंदुस्थानची स्टर्लिंग शिल्लक डॉलरसारख्या इतर चलनांत वापरता यावी, यासाठी नाणेनिधीने साहाय्य करावे अशी त्यांची मागणी होती. तीस केन्स यांनी विरोध केला. हा ब्रिटन व त्याचे धनको यांच्यातील प्रश्न आहे, बाहेरच्यांनी त्यात पडू नये; ब्रिटन आपले देणे सन्मानपूर्वक चुकते करील, असे आश्वासन त्यांनी दिले. मागणी फेटाळली गेली. व्हर्सायच्या वेळी धनकोला सबुरीचा उपदेश करणारे केन्स आता स्वतः ऋणकोचे वकील होते आणि समोरचा धनको होता एक दरिद्री, परतंत्र देश.

अखेरची शिष्टाई

ऑगस्ट १९४५ मध्ये जपान शरण येताच अमेरिकेने आपली उसनवार-मदत तडकाफडकी बंद केली. केन्स दुखणे घेऊनच वॉशिंग्टनला गेले. देणगी मिळेल ही त्यांची आशा फोल ठरली. ३.७५ अब्ज डॉलरांचे कर्ज दोन टक्के व्याजाने, पन्नास वार्षिक हप्त्यांत फेडण्याच्या बोलीवर मिळाले. पौंड लवकरच मुक्तपणे डॉलरमध्ये बदलू द्यावा, अशी अट त्यात होती. स्टर्लिंग शिल्लक असलेल्या देशांनी तिचा काही भाग युद्धातील वाटा म्हणून सोडून द्यावा, अशी अपेक्षाही त्यात नमूद झाली. केन्स यांचेही मत तसेच होते. हिंदुस्थानला ते मान्य होणे शक्य नव्हते.

मार्च १९४६ मध्ये नाणेनिधीच्या पहिल्या सभेसाठी ते सव्हाना येथे गेले; परतीच्या प्रवासात आगगाडीतच त्यांना विकाराचा झटका आला. २१ एप्रिल १९४६ रोजी, ईस्टरच्या रविवारी, ससेक्समधील टिल्टन येथे त्यांचे निधन झाले. वय अवघे ६२. वृद्ध मातापिता दोघेही हयात होते.

पुढचा इतिहास त्यांनी पाहिला नाही. अटीनुसार जुलै १९४७ मध्ये पौंड खुला झाला, पौंडधारकांची डॉलरसाठी झुंबड उडाली आणि सुमारे पाच आठवड्यांतच तो पुन्हा बंद करावा लागला. स्वतंत्र भारताने आपली शिल्लक बुडू दिली नाही. पण ब्रिटिश लष्करी साहित्याची किंमत आणि निवृत्तिवेतनांची तरतूद तीतून वळती झाली, पाकिस्तानचा वाटा गेला, आणि सप्टेंबर १९४९ मध्ये पौंडाचे डॉलरशी सुमारे तीस टक्के अवमूल्यन होताच उरलेल्या रकमेची डॉलरमधील किंमत एका दिवसात तेवढीच घटली. जे उरले ते धान्य व यंत्रे आणण्यात खर्चून १९५७-५८ च्या सुमारास आपण परकीय चलनाच्या टंचाईत सापडलो. अमेरिकेच्या कर्जाचा शेवटचा हप्ता ब्रिटनने २००६ च्या अखेरीस फेडला.

आजचे चित्र पाहा. १९७६ पासून अमेरिकेच्या व्यापारात दरवर्षी तूट आहे, आणि २०२५ साली परकीयांच्या हाती अमेरिकी सरकारचे सुमारे नऊ लाख कोटी डॉलरांचे रोखे होते. जपान व चीन यांनी विकलेल्या मालाच्या रकमेचा मोठा भाग त्यांत आहे. आपल्या रिझर्व्ह बँकेच्या गंगाजळीतही असे रोखे आहेत. भारताची स्थिती निराळी आहे. आपण तूट भरून काढतो ती सेवांची निर्यात, परदेशस्थ भारतीयांनी धाडलेला पैसा आणि परकीय भांडवल यांच्या बळावर. केंद्र सरकारचे कर्ज बहुतांशी देशातच आहे. तथापि २०२४ पासून भारत सरकारचे रोखे परदेशी गुंतवणूकदारांच्या एका प्रमुख निर्देशांकात समाविष्ट झाले आहेत. त्यामुळे केन्स यांच्या जीवनातील धडे आपणांस पारखे राहिलेले नाहीत.

ते धडे दोन. पहिला असा की, एका राष्ट्राचे कर्ज अखेर मालानेच फिटते. म्हणून कर्जदाराचा माल नाकारणारा धनको स्वतःचेच येणे बुडवितो. अंथरूण पाहून पाय पसरावे, असे आपण ऋणकोला बजावतो. धनकोला त्याचे कर्तव्य सांगणारी म्हण सहसा ऐकू येत नाही. केन्स यांनी ते कर्तव्य जगाच्या कायद्यात बसविण्याचा प्रयत्न केला आणि त्यात त्यांना अपयश आले. दुसरा धडा त्यांच्या यशापेक्षा त्यांच्या उणिवेतून मिळतो. राष्ट्र ऋणको असो वा धनको, वहीतील आकड्यांमागे माणसे असतात. १९४३ साली आपला देश साम्राज्याचा धनको होत होता आणि त्याच वेळी त्याची माणसे उपासमारीने मरत होती. तुटीचा किंवा शिलकेचा आकडा पुढे येईल तेव्हा, ही रक्कम कोणाच्या घरातून आली आणि कोणाच्या घरी जाणार आहे, हा प्रश्न विद्यार्थ्यांनी व त्यांच्या शिक्षकांनीही प्रथम विचारावा.